सुपाखालची परात

झरी
६ सप्टेंबर

राजेश्री,

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या भावाचा लावला तर परमेश्वर म्हणतो, ताई झोपलीय. दिवसभर कोणी झोपत नाही. म्हणून लिहिते आहे. माझं अक्षर तुला लागतं, तेव्हा वाचून घे.

भक्तीचं सगळं उरकण्याआधीच तू जिंतूरला निघून गेलीस. मी अडवलं नाही. चार वर्षांचं लेकरू गेल्यावर बाईला आईजवळ जावंसं वाटतं, त्यात गैर काही नाही. पण महारुद्र जीपजवळ उभा होता आणि तू नवऱ्याकडे न बघता चढलीस. सगळ्या गल्लीने ते पाहिलं.

परवा पोलीस येऊन गेले. जमादार आणि एक शिपाई. परमेश्वरने भिवराबाईविरुद्ध तक्रार दिली आहे, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. आम्हाला एका शब्दाने विचारायचं तरी होतं. असो.

त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, ते असं. भिवराबाईची म्हैस व्यायली. रिवाजाप्रमाणे तिने दूध घालते त्या घरी चिक वाटला, आपल्याकडेही गंजभर आणून दिला. पावसाळी हवा, पहिल्या धारेचं दूध, कधी काढलं आणि कशात ठेवलं कोण जाणे. तू तो सकाळी गूळ घालून वाफवलास आणि भक्तीला वाटीभर भरवलास. आपल्या दोघींचा श्रावणी सोमवार होता, उपासाला चिक चालत नाही. तुझ्या सासऱ्यांना साखरेमुळे गोड बंद. महारुद्र बाहेर गेला होता. म्हणजे खाल्ला तो एकट्या भक्तीने. थोड्या वेळात तिला उलट्या सुरू झाल्या. उरलेला चिक मी मोरीत ओतला आणि गंज घासून परत पाठवला. बाधलेला पदार्थ घरात ठेवायचा नसतो.

जमादारांनी विचारलं, फवारणीचं औषध घरात ठेवता का. मी सांगितलं, ते गोठ्यात असतं, वरच्या फळीवर, कुलपात. ते मान हलवत लिहून घेत होते. "बाई, तुमी शिकलेल्या, तुमचं सगळं बैजवार, जागच्या जागी असतंय," म्हणाले.

ते जिंतूरलाही येतील. तूही हेच सांग. वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

गावाने भिवराबाईचं दूध बंद केलं आहे. बंद करा असं मी कोणाला म्हणाले नाही. बायका ओसरीवर आल्या, त्यांनी विचारलं, काकू, चिकानं असं होतं का? मी म्हणाले, होऊ शकतं. नीट न ठेवलेलं दूध लेकराला फार लवकर बाधतं. परभणीला गृहविज्ञान शिकलेल्या बाईने याहून वेगळं काय सांगायचं? गेली कित्येक वर्षं याच ओसरीवर बसवून मी त्यांना हेच शिकवते. पाणी गाळा, भांडी उन्हात ठेवा, शेतातलं औषध चुलीजवळ आणू नका.

घरी मूग आणि मटकी, दोन्हींत भुंगे झाले आहेत. डब्यातला कडुलिंबाचा पाला तू बदलायचीस, माझ्या लक्षात राहिलं नाही. सगळं चाळलं, उन्हात टाकलं. ज्वारीच्या कोठीत सोंडे आहेत, ती उपसायला मला माणूस लागेल. महारुद्रला सांगितलं तर हो म्हणतो आणि तसाच बसून राहतो. जेवतो, पण बोलत नाही.

दिवाळीच्या आधी परत ये. मला गोड लिहिता येत नाही, तुला ते नवीन नाही. जेवण टाळू नकोस.

मनकर्णा


झरी
२१ सप्टेंबर

राजेश्री,

तुझं पत्र पोचलं. एवढा मोठा कागद आणि त्यावर दोन वाक्यं. एक, तुला तुझा हात बघवत नाही, कारण त्या हाताने तू तिला चिक भरवलास. दुसरं, "आत्याबाई, त्या दिवशी सूप जमिनीवर का पडलं होतं?"

पहिल्याचं उत्तर देते. हा शुद्ध वेडेपणा आहे. आईने लेकराला भरवायचं नाही तर कोणी भरवायचं? दूध बघून त्यातलं काही कळत नसतं. मलाही कळलं नसतं. हात धू, कामाला लाग.

आता दुसरं. सुपं पडतात. मांजर येतं, वारा येतो. त्या दिवशी कशावर कोणाचं लक्ष होतं?

पण तू भलतं काही मनात घेऊन बसशील, म्हणून सांगून टाकते. शेतातल्या मक्यात अळी शिरली होती, तुला माहीत आहे. भक्ती रोज आजोबांचं बोट धरून जायची आणि कोवळ्या पानांचे पोंगे उघडून अळ्या बघायची. त्या अळीसाठी महारुद्रने कोंडा भिजवला होता. कोंड्यात गूळ कालवून रात्रभर मुरू द्यायचा, सकाळी शेतात नेऊन त्यात औषध मिसळायचं आणि चिमूट चिमूट पोंग्यात टाकायचं. गुळाच्या वासाने अळी वर येते, खाते आणि मरते. तो कोंडा परातीत होता. परात ओसरीवर होती. वर सूप झाकलं होतं. महारुद्र परात घेऊन गेला, सूप तेवढं मागे राहिलं. घरात होता तो नुसता कोंडा-गूळ, बैलांना घालतो तसला.

सूप ओसरीवरून स्वयंपाकघरात कसं आलं, ते मला आठवत नाही.

इकडे आणखी एक प्रकार झाला. भिवराबाईच्या दोन शेळ्या मेल्या. पोलीस येऊन गेल्यावर महारुद्रने गोठा आवरायला काढला होता. रिकाम्या पिशव्या, डबे, काय काय उकिरड्यावर टाकलं. तिच्या शेळ्या तिकडे फिरतात. दुपारी दोन्ही फेस गाळत, पाय झाडत पडल्या. आता लोक म्हणतात, बघा, रोग हिच्या जनावरांतच आहे, हिचं दूध कसं चांगलं असेल. मी कोणाला काही म्हणाले नाही.

ती दारात आली होती. मागे तिचा नवरा रायभान, काठी टेकत.

"बाई, बाहीर या."

मी गेले. काय झालं विचारलं.

"माह्या शेळ्या तुमच्या उकिरड्यावर मेल्या. काय टाकलंय तितं?"

"उकिरड्यावर केर टाकतात, भिवराबाई. सोनं टाकत नाहीत."

"केरानं शेळी मरत न्हाई. शेळी काटे खाती, कागद खाती, माह्या नवऱ्याचं धोतर खाल्लं हुतं तरी जगली. बाई, म्या तुमाला चिक दिला त्याच धारंचा माह्या सुनेला घातला. माही दैवशाला बाळंतीण हाय. ती बी चांगली हाय, तिच्या अंगावरचं लेकरू बी चांगलं हाय. मंग तुमच्याच घरी कसं काय झालं?"

"प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते."

"व्हय. तुमची परकरती लय चांगली हाय. तुमी वसरीवर शिंकलाव की समदं गाव पडसं झालं म्हनतंय."

"चल गं," रायभान म्हणाला. "मोठ्या मानसाच्या दारात आवाज चढवू न्हाई."

"तू गप बस. आवाज न्हाई चढवला म्हनूनच ही येळ आली."

मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उकिरड्यावर गेले. खताची एक प्लास्टिकची पिशवी फाटून पडली होती. तिच्याभोवती काळे मुंगळे मेले होते, एवढे की जमीन दिसत नव्हती. माशा, एक साळुंकी. मी काठीने ती पिशवी ओढत नेली आणि खड्डा करून पुरली. हे घरात कोणाला सांगितलं नाही. तुला का लिहिते आहे, कळत नाही. पण लिहिलं आहे तर आता खोडत नाही.

मनकर्णा


झरी
९ ऑक्टोबर

राजेश्री,

परमेश्वरचा काल फोन आला. त्याने स्वतःहून केला, असं पहिल्यांदाच झालं. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. म्हणाला, ताईने पोलिसांना सांगितलं, भिवराबाईला त्रास देऊ नका, चिक मी भरवला, मला न्या. म्हणाला, ताई उजव्या हाताने जेवत नाही, रात्री तो हात पाठीखाली दाबून झोपते. "आत्या, तुमी काहीतरी सांगा तिला, ती फक्त तुमचं ऐकती," म्हणाला.

आणि मंगळवारी बाजारात रायभानला मारलं. तो दूध घेऊन परभणीच्या जीपमध्ये चढत होता, गावात कोणी घेत नाही म्हणून. चार-पाच तरण्या पोरांनी कॅन रस्त्यावर ओतले आणि त्याला ढकललं. हात मोडला. मारणाऱ्यांत आपल्या भावकीतला एक जण होता. तो संध्याकाळी येऊन मला सांगून गेला, "काकू, तुमच्या भक्तीचं उट्टं काढलं." शाबासकीसाठी उभा होता.

आता नीट वाच. मागच्या दोन्ही पत्रांत मी खोटं लिहिलं आहे.

रविवारी संध्याकाळी महारुद्रने गूळ मागितला. मी ढेप फोडून दिली. परातही मीच दिली, कणकेची, मोठी. त्याचं घमेलं शेतात राहिलं होतं. रात्री ती ओसरीवर होती, एवढं खरं आहे. पण औषध त्याने शेतात नेऊन घातलं नाही. सकाळी घरीच कालवलं. शेतात वाऱ्याने भुकटी उडते, नाकातोंडात जाते, म्हणाला. मी देवाची फुलं काढत होते. त्याला पुडी फोडताना मी पाहिलं. तेवढ्यात चौकातून फोन आला की निंदणाऱ्या बायका थांबल्या आहेत, लवकर या, नाहीतर दुसऱ्याकडे जातात. त्याने गाडी काढली. भुरभुर सुरू झाली होती. जाता जाता म्हणाला, "आई, परात भिजंल, बघ जरा."

मी परात उचलून आत नेली. ओसरीवर कुत्री येतात, कोंबड्या चोच घालतात. एखादी कोंबडी मरेल, असं माझ्या मनात आलं. कोंबडीचा विचार केला मी.

परात ओट्याखाली ठेवली आणि वर सूप झाकलं.

ओट्याखाली सुपाने झाकून मी रोज काय ठेवते, हे तुला माहीत नाही. शिळ्या भाकरीचा कुस्करा, गूळ, बोटभर तूप. मलिदा. भक्तीसाठी. तू ओरडायचीस, आत्याबाई, सारखं गोड देऊ नका, दात किडायलेत तिचे. तुझं बरोबर होतं. म्हणून मी तुझ्यापासून लपवून ठेवायचे. ती यायची, सूप उचलायची, एक मूठ घ्यायची आणि सूप पुन्हा होतं तसं ठेवायची. तिला मीच शिकवलं होतं, आईला कळता कामा नये. ती हसायची नाही, फार गंभीर चेहरा करून हे करायची.

मुरलेला कोंडा-गूळ दिसायला तसाच दिसतो. वासालाही तसाच, थोडा आंबूस.

तू मोरीवर कपडे धूत होतीस. मी देवघरात होते. चिक तू तिला त्याच्या आधी भरवला होतास आणि त्यात काही दोष नव्हता. मी पूजा करून आले तेव्हा सूप जमिनीवर पडलं होतं. ते तिला नीट ठेवता आलं नाही.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

परातीतलं उरलेलं महारुद्रने त्याच दिवशी पिशवीत भरून गोठ्यात दडवलं. आम्ही एकमेकांशी त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. पोलीस आल्यावर त्याने घाबरून ती पिशवी उकिरड्यावर टाकली आणि ती शेळ्यांनी खाल्ली. परात मी राखेने घासून माळ्यावर टाकली आहे.

काल रात्रीच्या जेवणानंतर मी दोघांना सांगितलं की मी पोलिसांकडे जाणार आहे.

तुझ्या सासऱ्यांनी आधी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, "गेलेलं लेकरू येनार हाय का त्यानं? राहिलंय एक, ते बी घालवायला निघालीस."

"एक नाही राहिलं," मी म्हणाले. "जिंतूरला एक आहे. ते मरायला लागलं आहे."

महारुद्र म्हणाला, "आई, मला न्हेतील."

"नेतील. मलाही नेतील."

"तूच म्हनलीस चिकानं झालं. पयल्या दिवसापासून तूच म्हनायलीस. तू इतकं ठासून सांगायलीस की मला बी वाटाय लागलं, चिकच आसंल." मग तो लहान मुलासारखा रडायला लागला. "मला तसं वाटू द्यायचं हुतं की गं."

मी त्याला जवळ घेतलं नाही. घेतलं असतं तर माझं जाणं राहून गेलं असतं.

तू उजव्या हाताने जेव. ही विनंती नाही. त्या हाताने काही केलेलं नाही.

मनकर्णा


झरी
३० ऑक्टोबर

राजेश्री,

मी जबाब दिला.

जमादार म्हणाले, "बाई, दुःखानं मानसाला कायबी वाटतंय. घरी जावा, आराम करा." मी तिथेच बाकावर बसून राहिले. दुपारी साहेब आले, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी महारुद्रला बोलावून घेतलं. तो तिथे नाही म्हणाला नाही. सध्या त्याला रोज हजेरीला जावं लागतं. पुढे काय होईल ते कोणी सांगत नाही.

साहेबांसमोर बोलणं सोपं होतं. गावात कठीण गेलं.

कडूबाई समोरच्या घरातली, तुला ठाऊक आहे, पहिल्या दिवसापासून माझ्या शेजारी बसून होती. तिला मी सांगितलं. ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "काकू, सून परत यावी म्हनून तुमी आपल्यावर घ्यायलाव. आमाला काय कळत न्हाई व्हय?"

"कडूबाई, मी खोटं बोलले होते."

"आसू द्या, आसू द्या. लय मोठं मन हाय तुमचं."

"आणि भिवराबाईचं दूध?"

"ते मात्र न्हाई बाई. एकदा मनातून उतरलं ते उतरलं. माह्या घरात लेकरं हायत."

तिला माझं पहिलं बोलणं लगेच पटलं होतं. या वेळी मी तेच तोंड, तीच ओसरी, आणखी स्पष्ट शब्द वापरले. ती घरी गेली आणि थोड्या वेळाने माझ्यासाठी झाकून वरणभात घेऊन आली, काकूंच्या डोक्यावर परिणाम झाला आहे म्हणून.

मग मी भिवराबाईकडे गेले. तिच्या घराकडे मी कधी गेले नव्हते, वाट विचारावी लागली. रायभान हात गळ्यात बांधून बाजेवर बसला होता. दैवशाला लेकराला पाजत होती, मला बघून आत निघून गेली. भिवराबाईने बस म्हटलं नाही. मी उभीच राहून सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "माफी मागाय आलाव का?"

"नाही. सांगायला आले."

"मला काय सांगताव? मला तर पयल्यापासनं ठावं हाय माह्या दुधात काय नव्हतं. ज्येंला ठावं न्हाई त्येंला सांगा. वेशीवर सांगा, पारावर सांगा."

"सांगते आहे. ऐकत नाहीत."

"आँ?" ती हसली. वाईट हसली. "तुमचं बी ऐकत न्हाईत व्हय आता? या मंग, बसा." आणि तिने पोतं सरकवलं. मी बसले. तिने पाणी दिलं नाही, मी मागितलं नाही. तिने म्हैस विकली आहे. उरलेल्या शेळ्या घेऊन ते पूर्णेकडे तिच्या भावाकडे जाणार आहेत. मी थांबा म्हणाले नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार?

शनिवारी मारुतीच्या देवळासमोर आरतीनंतर लोक जमले असताना मी पायरीवर उभी राहून बोलले. ओट्याखाली परात मी ठेवली. चिक चांगला होता. भिवराबाईचा काही दोष नाही. मग मागून कोणीतरी म्हणालं, "आजीला घरी न्या रे कोणीतरी." दोघं जण मला धरून घरी घेऊन आले. फार काळजीने आणलं, वाटेतल्या चिखलात पाय पडू दिला नाही.

आता एक गोष्ट मागच्या पत्रात मी लिहिली नव्हती. तू तिथे होतीस, पण तुला त्या वेळी काही ऐकू येत होतं असं मला वाटत नाही.

झरीच्या डॉक्टरांनी भक्तीच्या पापण्या वर करून बॅटरीने पाहिलं. तिला घाम फुटला होता, तोंडातून लाळ वाहत होती. त्यांनी मला विचारलं, "काय खाल्लं हिनं?" तिचे हात मी माझ्या पदराने पुसत होते. बोटांच्या सांदीत कोंडा होता. मी म्हणाले, चिक. त्यांनी पुन्हा तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि पुन्हा विचारलं. "बाई, नक्की? पोटात औषध-बिवषध गेलं असंल तर सांगा. इंजेक्शन माझ्याजवळ हाय, आत्ता देतो."

मी म्हणाले, "आमच्या घरात औषध ठेवत नाहीत, डॉक्टर."

मी घाबरले होते, गोंधळले होते, असं तू समजू नकोस. मी विचार करून बोलले. इतकी उलटी झाली आहे, पोटातलं निघून गेलं असेल, परभणीला सलाईन लावतील, संध्याकाळपर्यंत उठून बसेल, मग कशाला सांगायचं आणि महारुद्रच्या मागे पोलीस लावायचे. एवढा सगळा विचार मी डॉक्टरांच्या दोन प्रश्नांच्या मध्ये केला. अर्ध्या वाटेवर जीपमध्ये ती तुझ्या मांडीवर गेली आणि मी ड्रायव्हरला म्हणाले, गाडी वळव. दवाखान्यात गेलो असतो तर कापलं असतं, कळलं असतं. तेही मी विचार करूनच बोलले.

साहेबांना हे सगळं सांगितलं आहे. त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांना आठवतं.

पण साहेब म्हणतात, एका बाईचे दोन जबाब आहेत, गाव तिसरंच बोलतंय, तपास तर व्हायला हवा. गुरुवारी सकाळी आपल्या बांधावर तहसीलदार येणार आहेत, परभणीहून डॉक्टर येणार आहेत. भक्तीला जिथे ठेवलं ती जागा उघडणार आहेत. तुला तसा निरोप येईल, त्याआधी हे पत्र पोचावं म्हणून आजच्या गाडीने पाठवते आहे. भिवराबाईने पूर्णेला जाणं गुरुवारपर्यंत लांबवलं आहे. ती येणार आहे.

तू यावंस की नाही, हे मी सांगणार नाही. आलीस तर एकटी येऊ नकोस, परमेश्वरला बरोबर आण. महारुद्र असेल. त्याच्याशी बोलायचं तर बोल, नाहीतर नको.

मी तिथे असावं की नसावं, तेही तूच कळव. नको म्हणालीस तर मी घरातून बाहेर पडणार नाही. काही कळवलं नाहीस तर बांधावर येणार नाही, अलीकडे रस्त्यावर उभी राहीन. कोणी काही विचारलं तर सांगेन.

मनकर्णा